भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्च्या

कारध्याच्या त्या घरात बाहेरच्या खोलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि दोन्हींची तोंडं भिंतीकडे होती. पहिल्यांदा गेले तेव्हा मी आपली रीतभात दाखवायला एक खुर्ची उचलून वळवली. समोरासमोर बसावं, चार शब्द बोलावेत, एवढाच हेतू. आतून काका ओरडले, "ठेव तिथंच! काहून हलवून राहिली?"

मी गुपचूप ठेवली. ते आले, शेजारच्या खुर्चीत बसले, आणि माझ्याकडे न बघता भिंतीला सांगावं तसं म्हणाले, "समोरासमोर बसलं का माणूस माणसाशी भांडते. बाजूबाजूनं बसलं का दोघं मिळून समोरच्याशी भांडते."

समोर भिंत होती, भिंतीवर एक जुनाट मॉनिटर टांगला होता, आणि त्या मॉनिटरवर आमचा प्रोग्रॅम होता. त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत त्याच्याशी भांडलो. मधूनमधून एकमेकांशीही भांडलो, पण नजर भिंतीवरच. मान अवघडते ह्या प्रकारात, पण राग फार टिकत नाही हे खरं.

काका माझ्या नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना काका म्हणत. टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर लोक देवदेव करतात, हे प्रोग्रॅम लिहायला शिकले. आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मामा तलाव आहेत, म्हणजे जुने माजी मालगुजारी तलाव. धानाच्या दिवसांत तलावाचं दार उघडलं की पाणी आज कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उद्या कुणाच्या, ह्या पाळ्या ठरवाव्या लागतात आणि त्यावरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे होतात. ह्या पाळ्या लावून देणारा प्रोग्रॅम काकांनी लिहिला आणि जगासाठी उघडा टाकला. कुणीही वाचावा, वापरावा, चूक दिसली तर बदल पाठवावा, नाही पटलं तर अख्खा उचलून न्यावा नि आपला वेगळा संसार थाटावा. ह्याला ओपन सोर्स म्हणतात हे मला आधीपासून माहीत होतं. ह्यात किती भांडणं असतात ते मात्र काकांच्या पदरी पडल्यावर कळलं. पगार कुणालाच नाही, साहेब कुणीच नाही, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. घरोघरी बसलेली माणसं एकमेकांचं तोंड न बघता चर्चेच्या पानावर लिहितात. असं लिहिताना माणूस जे लिहितो ते त्याला गावच्या पारावर बोलायची छाती होणार नाही.

काकांनी त्यावर खात्यातली एक जुनी पद्धत आणून बसवली होती. पूर्वी टेलिफोनची लाइन बिघडली की एक माणूस खांबावर चढायचा, दुसरा एक्स्चेंजमध्ये बसायचा. दुरुस्ती झाली की खांबावरचा काहीतरी बोलायचा, म्हणजे समजा, "घरी आज वांग्याची भाजी आहे." एक्स्चेंजवाल्यानं नुसतं "ऐकू येते" म्हटलेलं चालत नसे. त्यानं "तुह्या घरी आज वांग्याची भाजी हाये" असं परत बोलून दाखवायचं, आणि खांबावरच्यानं "बरोबर" म्हणायचं. मग लाइन सुरू झाली. काका म्हणत, "ऐकू येते म्हणणारे लय भेटतात. खाली उतरलो का लाइन पुन्हा बंद."

आमच्या पानावरही तोच कायदा होता. कुणाला विरोध करायचा असेल तर आधी लिहायचं, "आवाज आला." मग समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं. त्यानं "बरोबर" म्हटलं की मग खुशाल त्याच्या म्हणण्याच्या चिंध्या करा. "बरोबर" आलं नाही तर पुन्हा सांगा. आणि दुसरा कायदा असा, की कुणाला लागेल असं बोललात तर ते वाक्य मागे घ्यायचं. मुद्दा मागे घ्यायचा नाही. "वाक्य मागं घे, मुद्दा राहू दे," हे काकांचं पालुपद.

ह्यावरून कुणी समजेल की काका शांत, गोडबोले, साधुपुरुष वगैरे असतील. अजिबात नाही. इतका भांडखोर माणूस मी जन्मात पाहिला नाही. बसच्या कंडक्टरशी, गॅसच्या गाडीवाल्याशी, वाढप्यांशी, सगळ्यांशी भांडत. एकदा काकूंना पाण्यासाठी पितळी गुंड घ्यायचा होता म्हणून आम्ही तिघं भंडाऱ्याच्या बाजारात गेलो. काकांचं म्हणणं गुंडाचा जोड पातळ आहे, दुकानदाराचं म्हणणं असा जोड सात दुकानं फिरलात तरी मिळणार नाही. आवाज इतके चढले की बाहेरचे ऑटोवाले आत डोकावायला लागले. शेवटी दुकानदार म्हणाला, "तुमाले काय समजते म्हाताऱ्या माणसाले!"

काका एकदम खालच्या आवाजात आले. "हे वाक्य मागं घे. जोडाचं राहू दे."

दुकानदार चक्रावला. "म्हंजे?"

"म्हातारा म्हनलास थे मागं घे. जोड चांगला म्हनलास थे नको घेऊ, थ्याच्यावर आपण भांडू."

त्यानं गोंधळून वाक्य मागे घेतलं. काकांनी तोच गुंड विकत घेतला आणि पुलावरून घरी येईस्तोवर वैनगंगेला ऐकवत राहिले की जोड पातळच आहे.

मग एवढा राग जायचा कुठे? तर परसात एक सीताफळाचं झाड होतं. चर्चेच्या पानावर कुणी डोकं फिरवणारं लिहिलं की काका उठून परसात जात आणि त्या झाडाला तोंडाला येईल ते बोलत. अशा शिव्या की शेजारच्या बाया पोरांना घरात घेत. मग हातपाय धुऊन येत आणि टाइप करत, "नमस्कार. आवाज आला. आपलं म्हणणं असं दिसतं की..." काकू म्हणायच्या, "माह्या झाडाले फळ काहून येत नाही, समजलं ना आता?" खरंच त्या झाडाला धड फळ धरत नसे.

मी तुमसरला एका राइस मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर असते. प्रोग्रॅम लिहायला माझी मीच शिकले. आमच्या गावच्या तलावासाठी काकांचा प्रोग्रॅम वापरून पाहिला, एक चूक सापडली, ती दुरुस्त करून पाठवली. मला वाटलं होतं, कुणी विचारणारही नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "आवाज आला," आणि खाली माझं सगळं म्हणणं नीट परत मांडलेलं, शेवटी विचारलेलं, "बरोबर?"

मला रडू आलं. मिलमध्ये मी बोललेलं कुणी परत उच्चारल्याचं मला आठवत नव्हतं. माझं बोलणं संपायच्या आत शेटजी फोन उचलत. इथे एक माणूस मला विचारत होता की मी तुझं नीट ऐकलं का. त्या दिवसापासून ते पान माझं झालं. लोकांना माहेर असतं तसं म्हणा हवं तर.

आणि म्हणूनच बंगळूरच्या साहेबांनी मला तिथून हाकलायचा प्रयत्न केला तेव्हा जीव इतका तळमळला.

हे बंगळूरचे साहेब आपल्याच भागातून गेलेले, तिकडे मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कामात अव्वल, ह्यात शंका नाही. आमच्या प्रोग्रॅमचा अर्धाअधिक गाभा त्यांनी लिहिलेला, आणि तो चालायचाही त्यांनी मिळवून दिलेल्या सर्व्हरवर. काकांच्या कायद्याला ते "टेलिफोनचा खेळ" म्हणत. पाळत, पण दातओठ खात.

त्या वर्षी रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, आधी मी एक बदल केला. गावकऱ्यांचं म्हणणं होतं की पाळीचा कागद तारखेप्रमाणे छापून द्या, म्हणजे तलावाच्या दाराशी चिकटवता येईल. मी तसं करून पाठवलं. साहेबांचं उत्तर आलं. "आवाज आला" नाही, नमस्कार नाही. "ह्यामुळे रात्रीची पाळी दोघांच्या नावावर जाईल. हे काम गिरणीत पोती मोजणाऱ्यांचं नाही. कुणाला आत घेतो ते जरा बघून घ्या."

मी ते मिलमध्येच वाचलं. बाहेर काट्यावर ट्रक चढत होते, तूस उडत होता, आणि मी स्क्रीनकडे बघत बसले.

पानावर एकच दंगा उसळला. माझ्या बाजूनं लोक धावून आले आणि साहेबांना जे बोलले ते वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण काकांनी त्या प्रत्येकाला लिहिलं, "वाक्य मागे घ्या, मुद्दा असेल तर राहू द्या." लोक काकांवरच उखडले. ज्यानं सुरुवात केली तो मोकळा आणि आम्हाला शिस्त लावता? काकांनी साहेबांनाही तेच लिहिलं होतं, पण ते रागाच्या भरात कुणी वाचलंच नाही.

मी फोन केला. "काका, मी सोडून राहिली हे सगळं."

"सोड ना. तुही मर्जी," ते म्हणाले. "पण आधी थ्याचा मुद्दा परत सांगून दाखव."

"त्यानं मले शिवी दिली, न मी त्याचा मुद्दा सांगू?"

"शिवी मी पायतो. मुद्दा तू पाय. उद्या ये."

रविवार होता. मी भंडाऱ्याची बस धरली, तिथून ऑटोनं पूल ओलांडून कारध्याला गेले. वाटेत ठरवून ठेवलं होतं की काय काय सुनवायचं. पण खुर्च्या भिंतीकडे तोंड करून, आणि भिंतीला काय सुनवणार! मॉनिटरवर माझा बदल उघडला. साहेबांचा मुद्दा मोठ्यानं परत सांगायला लागले आणि अर्ध्यात थांबले.

आपल्याकडे पाळी सूर्योदय ते सूर्योदय असते. रात्री बारा वाजता कुणी दुसऱ्याच्या बांधीत पाणी फिरवत नाही. तारीख मात्र बाराला बदलते. माझ्या बदलामुळे मधल्या रात्रीचं पाणी आजच्या माणसाच्याही नावावर पडत होतं आणि उद्याच्याही. तो कागद दाराशी लागला असता तर अंधारात दोन माणसं फावडी घेऊन एकाच पाण्यावर हक्क सांगायला आली असती. दारावर माझा कागद, आणि त्याच्यासमोर कुणाचं तरी डोकं फुटलेलं.

"बरोबर आहे त्याचं," मी म्हटलं.

"हाव," काका भिंतीला म्हणाले. "तुले कालच समजलं असतं. शिवी आडवी आली."

आता हे नीट ऐका, कारण पुढे पुष्कळांनी ह्याचा भलता अर्थ लावला. माझी चूक होती. मोठी चूक होती. पण चूक केल्यानं मी आत यायला नालायक ठरत नाही. पोती मोजणं हे काही कमी काम नाही, आणि मोजत असते तरी ह्या प्रोग्रॅमवर माझा तितकाच हक्क होता जितका त्यांचा. माणूस बरोबर असला म्हणून त्याला वाटेल ते बोलायचा परवाना मिळत नाही. उलट बरोबर असलेल्यानंच तोंड सांभाळावं, नाहीतर त्याचं बरोबर कुणी ऐकत नाही. हे मला त्या खुर्चीत समजलं आणि आजही त्यातून मी एक अक्षर कमी करणार नाही.

मी तिथेच बसून दुरुस्ती केली आणि पाठवताना लिहिलं, की ही चूक बंगळूरच्या साहेबांनी दाखवली. त्यांचं नाव घालताना दात आवळले होते, पण घातलं.

काकांनी खाली लिहिलं, "मुद्दा मान्य, नावासकट. आता ते पोत्यांचं वाक्य मागे घ्यावं."

उत्तर लगेच आलं. "वाक्य मागे घेणार नाही. हवं तर सर्व्हर मागे घेतो. मग चालवा तुमचा टेलिफोन."

काका उठले नाहीत. नेहमी उठत, परसात जात. त्या दिवशी बसल्या जागीच कीबोर्ड ओढला आणि मी काही म्हणायच्या आत पाठवूनही दिलं. "कंपनीच्या पायाशी बसून तुकडे खाणाऱ्या कुत्र्यानं गिरणीकडे पाहून भुंकू नये."

पानावर टाळ्यांचा पाऊस. मलाही गुदगुल्या झाल्या. मग मी ते वाक्य पुन्हा वाचलं. गिरणीच्या जागी कंपनी होती, पोत्यांच्या जागी तुकडे. बाकी वाक्य तेच होतं.

"काका," मी भिंतीकडे बघत म्हटलं, "वाक्य मागं घ्या."

"काय?"

"वाक्य मागं घ्या. मुद्दा राहू द्या."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली. त्यांनी स्वतः खुर्ची वळवलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "तुह्यासाठी लिहिलं ना मी! तुही इज्जत राहावी म्हणून!"

"माह्यासाठी लिहिलं म्हणूनच म्हणून राहिली. माह्या नावानं कोणाले कुत्रा म्हणू नका. मले नाही पाहिजे असली इज्जत."

"मले शिकवते तू? मले? हा कायदा कोणाचा हाये?"

"तुमचा आहे तर पाळा मग!"

मी शब्द मागे घेतला नाही, आणि तो घेण्यासारखा नव्हताही.

काका ताडकन उठले आणि परसात गेले. सीताफळाच्या झाडानं त्या दिवशी माझ्या नावानं जे ऐकलं ते मी इथे लिहू शकत नाही. तुमसरच्या सगळ्या बायांचा उद्धार झाला, मिलचा झाला, माझ्या शिक्षणाचा झाला. काकू चहा घेऊन आल्या आणि माझ्या हातात कप देत म्हणाल्या, "पी बाई आरामात. आज थोडा येळ लागन."

वेळ लागला. मग नळाचा आवाज आला. हातपाय धुऊन काका आले, खुर्ची पुन्हा भिंतीकडे केली, बसले आणि टाइप केलं, "नमस्कार. वरचं कुत्र्याचं वाक्य मी मागे घेतो. ते लिहायला नको होतं. मुद्दा राहू देतो. तुम्हीही तुमचं वाक्य मागे घ्या." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

साहेबांनी सर्व्हर बंद केला. काकांनी शेवटचं लिहिलं, "जा. जाताना प्रोग्रॅमही घेऊन जा, तो तुमचाही आहे. दार उघडंच आहे." आमच्यातलेही काहीजण सोडून गेले. त्यांचं म्हणणं, एका बाईला लागलेल्या एका वाक्यापायी एवढं मोठं काम कुणी धोक्यात घालतं का? एकानं तर काकांना फोनवर हेच विचारलं. मी शेजारीच होते. काकांनी आधी त्याचं म्हणणं शब्दशः परत सांगितलं, तो "बरोबर" म्हणेपर्यंत थांबले, आणि मग म्हणाले, "सर्व्हर जाते न येते. माणूस असा हाकलला का परत येत नाही, बापा. अन् जे पायतात थे बी येत नाहीत."

त्या वर्षीचा रोवणा आम्ही कारध्याच्या त्याच खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर काढला. वीज गेली की प्रोग्रॅम बंद. लोकांचे फोन येत, काका त्यांच्याशी भांडत. पण कागद गावोगाव पोचले, आणि कुठल्याही तलावाच्या दाराशी एका रात्रीचे दोन धनी उभे राहिले नाहीत. ते साहेबांमुळे. हेही मी सगळ्यांना सांगते, विचारलं नाही तरी सांगते.

नंतर काका गेले. आजारी फार पडले नाहीत, दवाखान्यात डॉक्टरशी मात्र शेवटपर्यंत भांडले. काकूंनी जुना कॉम्प्युटर, मॉनिटर आणि दोन्ही खुर्च्या माझ्याकडे पाठवल्या. आता पान मी सांभाळते. सीताफळाच्या झाडाला आता इतकं फळ येतं की काकू बसमधून पिशव्या पाठवतात. "बोलणारं कोणी राहिलं नाही ना थ्याले," म्हणतात आणि डोळे पुसतात.

ह्या वर्षी, रोवण्याच्या तोंडावर, बंगळूरच्या साहेबांचा एक बदल आला. इतक्या वर्षांनी. प्रोग्रॅम दुप्पट वेगानं चालेल असं सुंदर काम होतं. मी तपासलं, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. खाली एवढंच, "नवीन सर्व्हरही देऊ शकतो." पोत्यांच्या वाक्याबद्दल अवाक्षर नाही. ते वाक्य अजून पानावर आहे, आम्ही काहीच खोडत नाही. सगळ्यांचं म्हणणं पडलं, घेऊन टाका ना, जुनं कशाला उकरायचं, आपल्याला गरज आहे. गरज आहेच. जुना कॉम्प्युटर आता अखेरच्या घटका मोजतो आहे.

मी कारध्याला गेले. काकूंनी मला दारात पाहिलं आणि काही न विचारता परसाकडे बोट केलं. "फळाच्या बाजूनं नको बोलू," एवढंच म्हणाल्या.

पोट भरून बोलले. हातपाय धुतले. तुमसरला परत येऊन खुर्चीत बसले आणि लिहिलं:

"नमस्कार. आवाज आला. तुमचं म्हणणं असं, की ह्या बदलानं काम दुप्पट वेगानं होईल, आणि तुम्ही सर्व्हर द्यायला तयार आहात. बदल बरोबर आहे, तुमच्या नावानिशी घेतला. सर्व्हर घेत नाही. गिरणीत पोती मोजणाऱ्यांबद्दलचं तुमचं वाक्य अजून तिथेच आहे. आधी ते मागे घ्या. मुद्दा तेव्हाही तुमचा खरा होता, तो राहू द्या."

उत्तर अजून आलेलं नाही. लोक माझ्यावर चिडले आहेत, काही सोडूनही जातील. जाऊ देत. जुना कॉम्प्युटर सुरू ठेवून मी बसले आहे, भिंतीकडे तोंड करून. शेजारची खुर्ची मी कुणाला हलवू देत नाही. ती साहेबांचीच आहे. पण ते वाक्य बाहेर ठेवून यावं लागेल.